दुधातली कोळंबी

आमच्या घरात मासे केले की त्या दिवशीचा चहा कोरा असायचा. माशांवर दूध पोटात गेलं की कोड फुटतं, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत होतं. पुरावा म्हणून घरात मी होतेच.

माझ्या डाव्या हाताच्या बोटांवर आणि ओठाच्या कोपऱ्यात पांढरे डाग आहेत. मी प्राथमिक शाळेत असताना ते आले. आत्याने, म्हणजे वडिलांच्या थोरल्या बहिणीने, लगेच कारण शोधून काढलं: माझ्या वेळी पोटुशी असताना आईने सुकटीच्या कालवणानंतर दूधभात खाल्ला होता. खाल्ला होता की नाही, हे आईला स्वतःलाही आठवत नव्हतं. तरी तेव्हापासून तिने मासे सोडले. करायची, वाढायची, स्वतः खायची नाही. त्वचेच्या डॉक्टरांनी वडिलांच्या देखत सांगितलं की खाण्याचा याच्याशी काही संबंध नाही. वडिलांनी मान हलवली आणि घरी येऊन त्यावर एक अक्षर बोलले नाहीत.

मी इंग्रजी शाळेत शिकले, तेही पूर्ण बाह्या घालून. कुणी समोर आलं की डावा हात आपोआप ओढणीखाली जायचा. बोलायचे कमी, बघायचे जास्त. कॉलेजच्या ग्रंथालयात पाककृतींचं एक इंग्रजी पुस्तक होतं. त्यात दूध, लोणी आणि साय घातलेल्या कोळंबीचा 'पाय' नावाचा भाजलेला पदार्थ होता, वर खुसखुशीत पोळीचं झाकण. ते पान मी परत परत वाचायचे. एवढ्या सहजपणे कुणी हे दोन्ही एका भांड्यात घालतं, याचंच मला नवल वाटायचं.

शिक्षण संपलं आणि आत्याने सायखेड्याहून स्थळ आणलं. वडील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कामाला, आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायचो. आत्या आमच्या पलंगावर बसून आईला म्हणाली, "पाव्हण्यांना आधीच सांगून टाकू. पोरीत काय खोट नाय. आईनं दूध-मासं खाल्लं, म्हून झालं. वंशाचं नाय, पुढं चालायचं नाय."

आई मेथी निवडत होती. "बरं, आक्का," ती म्हणाली.

त्या 'बरं'ने मला आत्याच्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त चीड आली. माझं लग्न जमावं म्हणून आईने परक्या लोकांसमोर पुन्हा एकदा गुन्हेगार व्हायचं होतं, आणि ती तयार होती. पुढच्या रविवारी पाहुणे चार वाजता येणार होते, आत्या जेवायलाच येणार होती. जेवण मी करते, असं मी सांगितलं.

सकाळी नाशिकरोडच्या बाजारातून बर्फातली कोळंबी आणली, सोलली, पाठीतला काळा दोरा काढला. लोण्यावर मैदा परतून दूध ओतलं, तेव्हा आई दारात उभी होती.

"ते दूध आहे."

"हो."

"कोळंबी त्यातच घालणार?"

"त्यातच. सायसुद्धा."

ती गेली नाही. मी पुस्तकातल्यासारखं थंड लोणी मैद्यात चोळलं, पण आमच्या स्वयंपाकघरात लोणी थंड राहीना. पोळी लाटायला घेतली की पोळपाटाला चिकटायची. आई बराच वेळ बघत राहिली. मग पदर खोचला.

"सरक. याला साटा पाहिजे."

तिने नवा मैदा भिजवला. तूप आणि तांदळाची पिठी हाताने फेसून पांढराशुभ्र साटा केला, दिवाळीत करंज्यांना करते तसा. पोळ्यांवर लावून त्या एकावर एक ठेवल्या, गुंडाळी केली, कापून पुन्हा लाटलं. दुधातल्या कोळंबीवर ते झाकण तिनेच घातलं, कडा दाबल्या आणि सुरीने वर चिरा दिल्या. केकच्या गोल अ‍ॅल्युमिनियमच्या ओव्हनच्या काचेतून आम्ही दोघी आळीपाळीने बघत होतो. झाकणाचे पदर सुटत गेले.

"काय म्हणायचं ह्याला?" जेवायला बसल्यावर आत्याने विचारलं.

"पाय."

"कुणाचा, बकऱ्याचा?"

"कोळंबीचा."

"कोळंबीचा पाय कधी एवढा असतो व्हय?" तिने झाकणाचा तुकडा मोडून खाल्ला. "करंजी चांगली झालीय." मग आतलं पांढरं दिसलं आणि तिचा हात थांबला. "दूध हाय ह्यात?"

"हो. गोरे लोक असंच खातात."

"त्यांचं काय जातंय? ते सगळेच्या सगळे पांढरे."

वडील हसले. मलाही हसू आलं, पण मी डावा हात टेबलावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. "आत्या, पाहुण्यांना आईच्या खाण्याने झालं असं सांगायचं नाही. सांगितलंस तर त्यांच्यासमोर मी तुला खोटं पाडीन."

वडील ताटाकडे बघत होते. आईने डाव घेतला आणि स्वतःला वाढलं, झाकण, कोळंबी, दूध, सगळं. एवढ्या वर्षांनी मासा खाताना ती घाई करत नव्हती. अर्धं संपल्यावर म्हणाली, "मीठ कमी आहे." आणखी वाढून घेतलं.

आत्या झाकणाच्या कडा तेवढ्या खात राहिली.

पाहुणे आले. मी अर्ध्या बाह्यांच्या कुडत्यात पोहे घेऊन गेले. मुलाच्या आईची नजर माझ्या बोटांवर थांबली. आत्याने घसा साफ केला, तेवढ्यात आईच बोलली. "कोड आहे तिला. कशाने झालं ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. माझ्या खाण्याने झालेलं नाही, एवढं मात्र त्यांनी सांगितलंय."

त्यांच्याकडून पुढे निरोप आलाच नाही. त्या संध्याकाळी पाहुण्यांना पोचवून वडील परत आले, तेव्हा आईने गॅसवर चहा ठेवला होता. मासे झालेला दिवस होता. कुणालाही न विचारता तिने चारही कपांच्या चहात दूध घातलं आणि पहिला कप आत्यापुढे ठेवला.