पाच मिनटांत येऊलालो

त्रिवेणीच्या वर्गात तबला नाही, तानपुरा नाही, साधी पेटीसुद्धा नाही. हैदराबादच्या एका खासगी कॉलेजात ती 'संगीताचा व्यवसाय' हा विषय शिकवते. गाण्यावर हक्क कुणाचा, करार कसा वाचायचा, कंपनी फारच गोड बोलायला लागली की आधी काय तपासायचं, असला सगळा मामला. तिच्या सासूबाई, मंगलाताई, पुण्याहून आल्या की दरवेळी नव्यानं विचारतात.

"म्हणजे तू गाणं शिकवतेस ना?"

"नाही आई. गाणं झाल्यावर त्याचं काय करायचं, ते शिकवते."

"झाल्यावर काय करायचं? ऐकायचं!"

यावर त्रिवेणी चहा टाकायला उठते.

पण ती गाणी लिहितेही, आणि रेकॉर्डही करते. विद्यानगरच्या घरात सकाळी कुकर लागायच्या आत ती कपड्यांच्या कपाटात शिरते. हो, कपाटातच. टांगलेल्या कपड्यांत आवाज घुमत नाही. नवऱ्याच्या, म्हणजे मंदारच्या, लग्नातल्या सुटाचा लग्नानंतर झालेला हा पहिला उपयोग. माइकसमोर सूट, सुटामागे शालू आणि मध्ये त्रिवेणी. या कपाटातून आजवर साड्यांच्या दुकानांची, लोणच्यांची, एका शिकवणी वर्गाची अशी बरीच जाहिरातगीतं बाहेर पडली. तिचं नाव लागलेलं मात्र एकही गाणं नाही. आता पहिल्यांदा लागणार होतं. रविवारी खऱ्याखुऱ्या स्टुडिओत रेकॉर्डिंग ठरलं होतं, आणि जसजसा रविवार जवळ येत होता तसतशी ती तेच गाणं कपाटात पुन्हा पुन्हा गाऊन बघत होती.

गाणं बरं आहे का? विचारायचं कुणाला? "आपल्या माणसांना गाणं ऐकवू नका," हे तीच वर्गात सांगते. "आपली माणसं ऐकत नाहीत, लाड करतात."

म्हणून तिनं एक शहाणपणा केला. तिच्या वर्गात दर शुक्रवारी एक खेळ असतो. निनावी गाणं वाजवायचं. मुलं म्हणजे कंपनी. गाणं घ्यायचं की परत पाठवायचं ते ठरवायचं, कारणासकट. मार्क कारणाला. त्या शुक्रवारी तिनं आपलंच गाणं लावलं.

"नवी गायिका आहे," ती म्हणाली. "नाव सांगणार नाही."

सांजवेळ आली, पारिजात आला, वाट पाहणारी प्रिया आली. गाणं संपलं.

मग रितेशनं हात वर केला. रितेशच्या घरचं बेगम बाजारात मसाल्यांचं ठोक दुकान आहे, त्यामुळे त्याचं सगळं मत पोत्यातूनच निघतं. "मॅडम, मिरची अस्सल हाय. पन डब्बा दुसऱ्या कंपनीचा हाय."

"म्हणजे?"

"आवाज खरा हाय हो. बोलणं उसनं घेतल्यावानी वाटूलालंय."

ईशा उठली. हिचे आईवडील पुण्याहून आयटीत नोकरीला आलेले. पोरगी मऊ आवाजात गळा कापते. "मॅम, ही बाई वाट बघत नाहीये. वाट कशी बघावी हे समजावून सांगतेय. दुसऱ्या कडव्याला तर मला वही काढावीशी वाटली."

वर्ग खो खो हसला. त्रिवेणीही हसली, कारण दुसरं काय करणार?

"उत्तम मुद्दा," ती म्हणाली. "सगळ्यांनी लिहून घ्या. बरं, गाणं कोण घेणार?"

एकही हात वर आला नाही. आणि ईशाला त्या दिवशी वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मिळाले, तेही त्रिवेणीच्याच हातून.

घरी येऊन तिनं पर्स सोफ्यावर भिरकावली. "रविवारचं रद्द करते."

"अगं, पोरं आहेत ती," मंदार म्हणाला.

"पोरं नाहीत, बाजार आहे तो! मीच शिकवलाय!"

"मला तर आवडलं होतं गाणं."

"तुला माझा उपमापण आवडतो, मंदार."

मंदार ताटं मांडायला उठला. उपम्याचा विषय नाजूक होता.

जेवायची वेळ झाली तरी आबांचा पत्ता नव्हता. आबा म्हणजे तिचे वडील, हणमंतराव. चष्म्याची दांडी बसवायला सुलतान बाजारात गेले होते. तिनं फोन लावला.

"आबा, कुठं हाव?"

"हौ, येऊलालो गं! पाच मिनटांत!" मागून बसचा हॉर्न, कुणाचं तरी "ले लो अम्मा, ले लो" आणि कपात चहा ओतल्याचा आवाज.

फोन ठेवता ठेवता त्रिवेणी थबकली. हैदराबादची पाच मिनिटं! शाळेच्या गेटवर दप्तर घेऊन झुलताना तिनं ती किती वेळा मोजली होती. आबा न्यायला यायचे, नक्की यायचे, पण वाटेत सुलतान बाजार असायचा आणि बाजारात ओळखीचे लोक. वाट पाहणं तिला कुणी शिकवायला नको होतं. फक्त तिची वाट कधी सांजवेळी पारिजाताखाली पाहिली गेली नव्हती.

मग हा पारिजात गाण्यात आला कुठून? लग्नानंतर एकदा ती मंगलाताईंना 'येतेय'च्या जागी "आई, येऊलाले" म्हणाली होती. त्या हसल्या. वाईट नाही, नुसत्या हसल्या. तेव्हापासून त्रिवेणीकडे दोन मराठ्या झाल्या, एक आबांशी बोलायची आणि एक कागदावरची. गाणं अर्थातच कागदावरच्या मराठीत लिहिलं होतं.

ती तडक कपाटात शिरली.

"जेवायचं?" मंदारनं बाहेरून विचारलं.

"पाच मिनटांत!" सुटामागून उत्तर आलं.

मंदार एकटाच जेवला. मग आबा आले, तेही जेवले. कपाटातून ओळी निघत राहिल्या:

*'पाच मिनटांत येऊलालो' सांगून गेले आबा,*
*गेटावर मी झुलूलाले, नाही त्यांचा पत्ता;*
*शाळा सुटली, घंटा निजली, चौकीदार म्हणला,*
*'रडू नक्को गं बेबी, येतेत बघ ते आत्ता!'*

शनिवारी जादा तास होता. तिनं कपाटातलं रेकॉर्डिंग तसंच वाजवलं, आणि या वेळी वर्गाकडे पाठ करून उभी राहिली. दुसऱ्यांदा 'नक्को गं बेबी' आलं तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी बरोबर गुणगुणलं.

"मॅडम," रितेश म्हणाला, "ही बाई सुधारली."

"कोण बाई?"

"जाऊ द्या ना मॅडम. रोज हजेरी घेता तुम्ही. आवाज नाही वळखू?"

त्रिवेणी गर्रकन वळली. "म्हणजे काल माहीत होतं तुम्हाला? आणि तरी?"

"तुम्हीच म्हणता, मॅम," ईशा शांतपणे म्हणाली. "माणसाला नाही, गाण्याला घ्यायचं."

"अन् मार्क बी तुम्हीच देणार होत्या," रितेश म्हणाला.

या वेळी बरेच हात वर आले. सगळे नाही. ईशाचा अर्धाच होता. सुरुवातीचं नुसतं संगीत लांबलंय म्हणाली. रविवारी स्टुडिओत त्रिवेणीनं ते कापलं. गाण्याच्या नावाखाली स्वतःचं नाव टाकलं, माहेरचं, सासरचं, दोन्ही.

गाणं बाहेर आलं त्या दुपारी पहिला फोन मंगलाताईंचा. "ते येऊलालो म्हणजे येतोय, ना? सकाळपासून तोंडात बसलंय बाई! शेजारच्या मला विचारतायत, ही कुठली भाषा."

"मग काय सांगितलंत, आई?"

"म्हटलं, आमच्या घरची."

मग त्रिवेणीनं आबांना फोन लावला. दांडी पुन्हा निखळली म्हणून ते सकाळीच बाहेर पडले होते.

"आबा, गाणं आलं. ऐकलं का?"

"हौ! घरीच येऊलालो. पाच मिनटांत!"

ती गेटवर जाऊन उभी राहिली. एक ऑटो गेली, दुसरी गेली. मग गल्लीच्या तोंडाशी तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला, ऑटोच्या स्पीकरमधून, फाटका आणि मोठ्ठा. आत आबा, डोळ्यांवर चष्मा, दांडी अजून तशीच लोंबणारी.

"आबा! कुठं होता इतका वेळ?"

"अगं, बाजारात एकेका दुकानात ऐकवूलालो होतो. लोक सोडेनात." ते खाली उतरले. ड्रायव्हर मात्र हलला नाही. गाणं संपायचं होतं.