अपडेट होतंय, तोवर बसा!

आमच्या धंद्यात हुशारी कमी आणि वाट बघणं जास्त. स्वयंसेवी संस्थांच्या कॉम्प्युटरवरची जुनी, बऱ्याचदा चोरीची ऑपरेटिंग सिस्टीम काढायची आणि नवी, लायसन्सवाली घालायची, हे आमचं काम. पडद्यावर एकदा 'अपडेट होत आहे, कॉम्प्युटर बंद करू नका' असं आलं, की जागचं हलता येत नाही. मग कोणीतरी चहा आणतं, कोणीतरी खुर्ची ओढून बसतं आणि बोलायला लागतं. अशाने किस्से साठतात. नवरा विचारतो, "तू कॉम्प्युटर सुधारायला जातेस की गप्पा मारायला?" अहो, आमच्याकडे दोन्ही एकाच वेळी चालतं!

आम्ही तिघं. शमीम मुल्ला मूळचा मिरजेचा, पण वडिलांच्या सरकारी नोकरीमुळे दिल्लीत सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेला. मशीन त्याच्या ताब्यात. जॉइस लोबो वसईची, लायसन्सची सगळी उठाठेव तिच्याकडे. आणि मी लोकांना समजवायला. दिल्लीत तीन मराठी माणसं एका ऑफिसात असूनही रोज एकत्र डबा खातात, यावर माझ्या सासूबाईंचा अजून विश्वास बसत नाही!

*

फरीदाबादला बायकांचं एक शिवणकेंद्र आहे. तिथल्या कॉम्प्युटरवर कोण्या दुकानदाराने 'एकदम ओरिजिनल' म्हणून सिस्टीम टाकून दिली होती. ओरिजिनल कसली! दर तासाला पडदा काळा व्हायचा आणि कोपऱ्यात ओळ यायची, 'ही कॉपी अस्सल नाही.'

आम्ही खपून सगळी मशीन धुऊनपुसून लख्ख केली. नवी सिस्टीम, खरं लायसन्स. मोठ्या रुबाबात निरोप घेतला. दुसऱ्याच दिवशी केंद्राच्या बलजीत मॅडमचा फोन.

"बाकी सब बढिया है जी, पर लेडीज परेशान हैं."

"क्यों?"

"चाय कब पीनी है, पता ही नहीं चल रहा!"

पडदा काळा झाला की चहा, असा तिथला वर्षानुवर्षांचा नियम! शमीम मुकाट्याने परत गेला आणि प्रत्येक मशीनवर रिमाइंडर लावून आला. आता ठरल्या वेळी सगळ्या पडद्यांवर एकदम ओळ झळकते: 'चाय का समय हो गया है. और यह कॉपी असली है.'

*

संस्थांना लायसन्स सवलतीत मिळतं, पण त्याआधी संस्था खरी आहे हे पटवावं लागतं. हा जॉइसचा प्रांत.

गुरुग्रामला बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर चालवणाऱ्या एक सत्तरीच्या बाई आहेत. सगळे त्यांना बीजी म्हणतात. त्यांचा अर्ज सारखा अडकायचा. नोंदणीत एक नाव, दारावरच्या बोर्डावर दुसरं, आणि वेबसाइट तर नाहीच. शेवटी पडताळणीवाल्यांनी व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे टाय घातलेला, इंग्रजीत बोलणारा एक गंभीर तरुण.

"मॅडम, संस्था प्रत्यक्षात काम करते याचा पुरावा काय?"

बीजी जॉइसकडे बघून म्हणाल्या, "ये लडका क्या मांग रहा है?"

"सबूत, बीजी."

"अच्छा, सबूत!" बीजींनी जॉइसच्या हातातून फोन घेतला आणि कॅमेरा खोलीकडे वळवला. दुपारची वेळ. भिंतीपासून भिंतीपर्यंत पोरं झोपलेली. कोणाचा पाय कोणाच्या पोटावर, कोणाचा अंगठा तोंडात.

पलीकडचा चेहरा पडद्यावर थिजल्यासारखा झाला. जॉइसला वाटलं, नेटवर्क गेलं. मग तो टायवाला एकदम कुजबुजत्या आवाजात म्हणाला, "अप्रूव्ड आहे मॅडम. हळू ठेवा फोन, उठतील!"

*

लायसन्सचा करार आजवर कोणी वाचलाय का? आम्ही एक माणूस पाहिलाय!

नोएडातल्या एका वृद्धाश्रमाच्या कमिटीवर माथुरसाहेब होते. कायद्याचे मसुदे लिहिण्यात सगळी नोकरी गेलेली. शमीम सवयीने 'आय अ‍ॅग्री'वर क्लिक करणार, तेवढ्यात काठी आडवी आली.

"बिना पढे?"

"सर, कोई नहीं पढता..."

"इसीलिए देश का ये हाल है!"

त्यांनी भिंग मागवलं आणि वाचायला बसले. जेवण आलं, थंड झालं, परत गरम होऊन आलं. शमीम सांगतो की ते पान खाली कुठेतरी संपतं, हे त्याला त्या दिवशी कळलं! शेवटी साहेबांनी भिंग खाली ठेवलं.

"दबाइए. लेकिन मेरा विरोध दर्ज कीजिए."

"कहां दर्ज करूं, सर?"

"उसकी जगह ही नहीं रखी इन्होंने. यही तो मेरा विरोध है!"

*

आपल्या मराठी मंडळाचे चिटणीसकाका. मंडळ गरजू रुग्णांना मदत करतं, मोफत वाचनालय चालवतं. काकांचा हट्ट, सिस्टीम मराठीतच हवी. आम्हाला काय, आनंदच! शमीमने सगळं मराठी करून दिलं. काका कौतुकाने बघत राहिले. म्हणाले, "दिल्लीत मराठी कॉम्प्युटर! बिल्कुल भारी!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. आवाज जरा घाबरलेला.

"अगं, हा मला म्हणतोय, 'विस्थापित करा'. कोणाला करू?"

"काका, ते अनइन्स्टॉल. म्हणजे नको असलेलं सॉफ्टवेअर काढून टाका."

"असं होय! मला वाटलं मलाच! क्वार्टर सोडून आत्ता कुठे फ्लॅटमध्ये रुळतोय यार, आणि हा परत विस्थापित करायला निघालाय!"

मी म्हटलं, "काका, मग इंग्रजी करून देऊ का?"

"खबरदार! भीती वाटायची ती मराठीतच वाटू दे!"

*

आता जॉइसचा एक सांगते, कारण ती स्वतः कधी सांगणार नाही.

रक्तदात्यांची हेल्पलाइन चालवणारी एक छोटी संस्था. कोणाचा रक्तगट कोणता, कोण कुठे राहतं, सगळं एकाच जुन्या कॉम्प्युटरमध्ये. आम्ही मुद्दाम रविवारची दुपार निवडली, म्हणजे फोन कमी येतील. अपडेट सुरू केलं, पडदा निळा झाला, टक्के मोजायला लागला. आणि फोन वाजला.

एका बाळंतिणीला ओ निगेटिव्ह हवं होतं. लगेच. सगळ्यांच्या माना पडद्याकडे. मशीन बंद करता येत नाही, आणि दात्यांची नावं आत!

शमीमने बॅग उघडली. "बॅकअप आहे माझ्याकडे. लॅपटॉपवर उघडतो, पाच मिनिटं दे. उघडतोच!"

उघडलासुद्धा. ओ निगेटिव्हमधलं पहिलंच नाव वाचून त्याने वर पाहिलं आणि विचारलं, "जॉइस कुठेय?"

जॉइस कधीच ऑटोत बसून गेली होती. ती ओ निगेटिव्ह आहे, हे इतक्या वर्षांत आम्हाला ठाऊकच नव्हतं! आम्ही यादीतल्या आणखी एका दात्याला गाठून मागोमाग पाठवलं, पण पहिली पोचली ती हीच. बाई आणि बाळ दोघंही सुखरूप.

संध्याकाळी परत आली ती दंडाला पट्टी आणि हातात फ्रूटीचा डबा घेऊन. आम्ही उभे राहिलो. तिने पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हे काय, अजून झालं नाही तुमचं?"

*

पहाडगंजच्या घाऊक दुकानांच्या गर्दीत, एका जिन्याने वर गेलं की अंध मुलींचं कॉम्प्युटर केंद्र लागतं. पडद्यावर लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर असतं. ते ऐकून मुली काम करतात. त्यांच्या जुन्या मशीनमधला आवाज एका बाईचा होता. घोगरा, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. मुलींनी तिचं नाव ठेवलं होतं, कमला मॅडम.

आम्ही नवी सिस्टीम घातली. तिच्यासोबत नवा आवाज आला. काय गोड, काय स्वच्छ! आम्ही तिघं खूश. मुलींनी मात्र कीबोर्डवरचे हात काढून घेतले. त्यांच्यातली सायरा जरा तोंडाळ. ती म्हणाली, "ये कौन है?"

शमीमने समजावलं, हा नवा आवाज आहे, जास्त चांगला आहे.

"सर, आप कल से दाढी रख लीजिए, मुंडन करा लीजिए, हमें क्या! लेकिन आवाज मत बदलिए."

हट्ट नव्हता तो. या मुली आवाज इतक्या वेगात ऐकतात की आपल्याला नुसती भुणभुण वाटते. त्या वेगात नव्या बाईचे शब्द एकमेकांत मिसळत होते. आणि पुढच्याच आठवड्यात एका बँकेची माणसं टेलिफोन ऑपरेटरच्या नोकरीसाठी परीक्षा घ्यायला येणार होती. तिथेच, त्याच मशीनवर.

जुन्या आवाजाचं लायसन्स जुन्या सिस्टीमला बांधलेलं. तो बनवणारी कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतलेली. तिथून उत्तर आलं, हे उत्पादन बंद झालं आहे. जॉइस फोनवर जवळजवळ ओरडलीच, "उत्पादन बंद झालं असेल, मुली चालू आहेत ना!" रोज फोन, रोज मेल. अखेर तिथल्या कोणाला तरी दया आली की कंटाळा, देव जाणे, पण लायसन्स नव्या सिस्टीमवर न्यायची परवानगी मिळाली.

आता पाळी शमीमची. नवी सिस्टीम जुन्या आवाजाला घरात घेईना. एकदा केलं, मशीन अडकलं. पुन्हा केलं, नुसती खरखर. मुली आपापल्या जागी बसून होत्या. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले, मला बघवत नव्हतं.

आणि पाठीमागून तोच पत्र्याचा डबा वाजला: "स्वागत है."

काय आरडाओरडा झाला सांगू! खालच्या दुकानातला सुटकेसवाला काय झालं म्हणून जिना चढून आला. एक मुलगी स्पीकरला कान लावून विचारत होती, "मैडम, छुट्टी पर थीं क्या?"

परीक्षा झाली. सायरा पास झाली, तिच्यासोबत आणखी दोघी. आम्हाला आग्रहाने बोलावलं. गेलो तर लाडू वाटणं चालू होतं, आणि प्रत्येक मशीनच्या स्पीकरपुढे कागदावर एकेक लाडू ठेवलेला!

शमीम म्हणाला, "अरे, चींटियां आ जाएंगी!"

सायराने चाचपत तिच्या मशीनपुढचा लाडू उचलला आणि आवाजाच्या दिशेने हात पुढे केला.

"कमला मैडम तो खाएंगी नहीं, सर. उनके हिस्से का आप खा लीजिए."

शमीमला डायबिटीस आहे. अख्खा खाल्ला!