वीतभर अंतरावरून

शेजारची खाला एरवी इतकी बोलायची, की ती कुणाच्या घरी आहे हे गल्लीच्या टोकाला कळायचं. पण माझ्या मुलीच्या पाळण्याशी आली की गप्प व्हायची. वाजू नयेत म्हणून बांगड्या वर सारायची, वाकायची आणि आपला चेहरा मुलीच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर धरून तशीच राहायची.

"बोलले तर कानानं वळखंल," मग बाहेर येऊन मला सांगायची. "डोळ्यानं वळखू दे."

पिंपरीत तेव्हा कारखाने नुकतेच उभे राहत होते. खालाच्या नवऱ्याचं मुंबई रस्त्याला गॅरेज होतं आणि आमची घरं भिंतीला भिंत लागून. माझी मुलगी सातव्या महिन्यात जन्मली. पुण्याच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत, प्राणवायूवर ठेवलं होतं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, अंगावरचंच दूध द्या, वजन वाढू द्या. डोळ्यांचं मात्र आत्ताच सांगता येत नाही. इतक्या लवकर आलेल्या मुलांची नजर कधी कधी जाते.

तापानं माझं दूध आटलं होतं. खालाचा रफिक अजून अंगावर पीत होता. तिनं वाटी उकळून घेतली, तीत आपलं दूध काढलं आणि ओढायचीही ताकद नसलेल्या त्या ओठांवर कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब सोडू लागली. रफिक भुकेनं रडायला लागला की म्हणायची, "थांब रे पैलवाना, बहिणीचं होऊ दे."

बहीण हा शब्द ती उगाच वापरत नव्हती. त्यांच्यात दुधाचं नातं रक्ताइतकंच धरतात. सासूबाई धुसफुसत होत्या. खालानं त्यांना दारातूनच सांगितलं, "माझं दूध प्यालेल्या पोरीचं माझ्या पोराशी लगीन व्हत न्हाई आमच्यात. तवा घोर सोडा, आजी, निवांत झोपा." सासूबाईंना हसू आवरलं नाही. दुसऱ्या दिवसापासून वाटी त्याच उकळून ठेवू लागल्या.

मी पाळण्याशी पुस्तक घेऊन बसायची. खाला ते काढून घ्यायची. "मास्तरीणबाई, एकच पान कितींदा वाचाल? उठा, जेवा."

मुलगी अंग धरू लागली, पण खालाच्या चेहऱ्यापुढे तिचे डोळे नुसते भटकत. मग एका सकाळी खाला वाकली आणि ते डोळे थांबले. ती हळूच डावीकडे सरकली, डोळेही सरकले. तेव्हाही खाला बोलली नाही. माझा हात धरून खाली बसली आणि ओढणी तोंडात धरून रडली.

नजर राहिली, पण अधू. मुलीला जाड भिंगांचा चष्मा लागला. त्याच्याशिवाय तिला वीतभरापलीकडचं सगळं पुसट.

मुलगी मॅट्रिकला होती, त्या वर्षी खाला काविळीनं गेली. कफन बांधण्याआधी घरच्यांना चेहरा दाखवतात. मी मुलीला घेऊन बायकांच्या मागे उभी होते. रफिक दाराशी आला. "मागं का उभी?" तो तिला म्हणाला. "अम्मीची लेक तू एकलीच."

ती पुढे गेली. रडून चष्मा धुरकटला होता. तो काढून तिनं माझ्या हातात दिला. मग वाकली, खालाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. तिथून तिला स्वच्छ दिसतं.

हाक मारली नाही तिनं. नुसती बघत राहिली.