‘झालं’ म्हटल्यानंतरचा फोटो

नवा कॅमेरा घेतला. किंमत सांगत नाही, कारण नवरा हा ब्लॉग वाचतो. आमच्या फोटोग्राफी ग्रुपच्या वार्षिक प्रदर्शनात सलग तीन वर्षं माझा एकही फोटो निवडला गेला नव्हता आणि त्याचं खापर मी दरवेळी जुन्या कॅमेऱ्यावर फोडत आले होते. नवा आल्यावर ती सोय गेली. दोन आठवडे घरातलं मांजर आणि बाल्कनीतलं तगरीचं झाड एवढंच टिपत बसले होते, तेवढ्यात वंदनाचा फोन आला.

वंदना माझी पुण्यातल्या हॉस्टेलची मैत्रीण. मूळची यवतमाळची, लग्न होऊन कळंबजवळच्या एका गावात शेतीवाल्या घरात गेली. म्हणाली, “कापूस फुटला वो. पुढच्या आठवड्यात सीतादही आहे आमच्याकडे. ये. अन् सासूबाईचा एक चांगला फोटो काढून दे, मागंच लागल्या आहेत.”

कापसाच्या पहिल्या वेचणीआधी बायका शेतात पूजा करतात, ती सीतादही. ती करायची घरातल्या मोठ्या बाईने. वंदनाच्या सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यामुळे त्यांच्या हातची ही शेवटची. पुढच्या वर्षीपासून पूजेचं ताट वंदनाकडे. मी त्याच रात्री तिकीट काढलं. दोन्ही कामं होतील, आजींचा फोटो आणि माझं प्रदर्शन, असा हिशोब होता.

पुण्याहून यवतमाळला थेट रेल्वे नाही. मी धामणगावला उतरले आणि तिथून एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट आहे, मैत्रिणींनो, बिनधास्त फिरा. यवतमाळच्या स्टँडबाहेर आलूबोंडा आणि त्यावर लालभडक रस्सा खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं तरी दुसरी प्लेट मागितली. पुढे कळंबपर्यंत पाऊण तास, दोन्ही बाजूंना कापूस आणि तूर. रस्ता चांगला आहे. गावाकडे वळल्यावर मात्र पाठ सांभाळा.

घरात शिरताच आजींनी मला समोरच्या भिंतीपाशी नेलं. तिथे हार घातलेला त्यांच्या यजमानांचा फोटो होता. ते गेल्यावर घाईत एका जुन्या ओळखपत्रावरून कोणाकडून तरी मोठा करून घेतलेला, गोरापान केलेला.

“हा कोन व्हय, सांग बरं,” आजी म्हणाल्या.

“आजोबा ना?”

“चाळीस वर्सं सैपाक करून घातला मी त्याले. हा तो नोहे. रोज हार सून घालते, मले हात नाही लावू वाटत. माहं तसं नको व्हाव. मी गेल्यावर नातवंडं पाहतीन, तं मीच दिसली पायजे.”

मी म्हटलं, काळजीच करू नका. किती सहज म्हणून गेले मी ते!

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला शेतात. थंडी नुकती लागायला लागलेली, पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची झाडं कमरेएवढी, बोंडं उमलून पांढरी झालेली. एका झाडाच्या बुडाशी सात खडे मांडले, हळदकुंकू वाहिलं, दहीभाताचा नैवेद्य दाखवला. आजी वंदनाच्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या आणि मूठभर दहीभात त्यांनी वावरात उधळला. दह्यासारखा पांढराशुभ्र कापूस फुटू दे, म्हणून. उजेड तिरपा, दहीभाताचे कण हवेत. आणि मी? मी लेन्स बदलत होते.

मग मी ते बोलले, जे आम्हा हौशी फोटोग्राफर मंडळींच्या तोंडी कायम तयारच असतं. “आजी, एकदा परत टाकाल का? प्लीज?”

वेचायला आलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. आजींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नवलाने.

“पोरी, देवाचं जेवन झालं. आता उष्टं वाढू का त्याले?”

जमीन दुभंगावी असं वाटणं म्हणजे काय, ते मला तिथे कळलं. आजी काही मनात धरून बसल्या नाहीत, दुपारी मला आग्रहाने वांग्याची भाजी वाढली. पण त्यानंतर कॅमेरा वर उचलला की त्या पदर सारखा करत, हनुवटी वर घेत आणि आधार कार्डाच्या फोटोला बसल्यासारख्या ताठ होत. दोन दिवसांत मी चारशेच्या वर फोटो काढले. प्रत्येकात सुरकुती न् सुरकुती दिसत होती. आजी कशातच नव्हत्या, आणि हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

तिसऱ्या दिवशी फोटो मोठ्या स्क्रीनवर बघायला कळंबला गेले. आधी पायऱ्या उतरून चिंतामणी गणपतीचं दर्शन घेतलं, खाली अगदी गार वाटतं, सकाळी लवकर जा. मग वंदनाने सांगितलेला सुधाकरभाऊंचा स्टुडिओ शोधला. स्टुडिओ म्हणजे पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन, आणि मागे एक निळा पडदा. पन्नाशीचे गृहस्थ. माझे फोटो त्यांनी एकेक करून शेवटपर्यंत पाहिले. एवढ्या शांतपणे माझे फोटो आजवर कोणी पाहिले नव्हते.

“लय साफ आहेत जी. मशीन जबरदस्त,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “पन माय घाबरली आहे. तुम्ही काही म्हनलं का तिले?”

मी दहीभाताचं सांगितलं. ते हसले नाहीत. दुपारी दुकान मुलीवर सोपवून, स्वतःचा जुना कॅमेरा गळ्यात अडकवून माझ्याबरोबर गावात आले. कॅमेऱ्याचं झाकण चिकटपट्टीने बसवलेलं होतं.

आजी आतल्या खोलीत सुपात तूर पाखडत होत्या. खोलीत एकच खिडकी, उजेड बेताचा. सुधाकरभाऊ समोर मांडी घालून बसले आणि गप्पा सुरू केल्या. गुडघे, जावई, यंदाचा कापूस. मग फोटो काढला, खटकन मोठा आवाज झाला आणि आजी दचकल्या. फोटोही काळपट आला. त्यांनी तो पाहिला, मला दाखवला, आणि माझ्याकडे हात केला.

“ताई, तुमची मशीन द्या बरं घडीभर. एवढ्या अंधारात माहीचं काम नाही.”

मी दिली. मनात आलंच, की सेटिंग कळेल का यांना? त्यांनी दोन बटणं विचारली, कॅमेरा मांडीवर ठेवला, तसाच आजींकडे वळवला, एक-दोनदा उगाच बोट दाबलं आणि मोठ्याने म्हणाले, “झालं माय! लय मस्त आला. आता च्या पाजा.”

“झालं?” आजींचे खांदे खाली आले. पदर घसरला, त्यांनी तो सावरला नाही. सुपावर हात टेकून वंदनाला हाक मारायला वळल्या आणि वळता वळता मिश्किल हसल्या, “याले साखर कमी टाकजो वो, पोट पाह्य कसं सुटलं!”

माझ्या कॅमेऱ्याला आवाज नाही. सुधाकरभाऊंचं बोट हललं, तेवढंच मला दिसलं.

फोटो छापायला कळंबला परतताना मी विचारलं, हे कसं जमलं. ते म्हणाले, “तीस वर्सं झाली पासपोर्ट फोटो काढून. फोटो काढतो म्हनलं की मानूस बाहेर जाते. झालं म्हनलं की परत आपल्या घरी येते. मी तवाच काढतो.” मग माझा कॅमेरा हातात उलटासुलटा करत म्हणाले, “पन खोटं काहून बोलू? हे तुमच्या मशीनशिवाय नसतं झालं. लग्नवाले पयले कॅमेराच पाहून घेतात. माहावाला पाहिला की दुसऱ्याले बोलावतात.” त्यांनी तो पुसून माझ्या हातात दिला, माझ्यापेक्षा जास्त जपून. मला फार वाईट वाटलं. कला हातात असते वगैरे म्हणणं सोपं असतं, विशेषतः महागडा कॅमेरा आपल्या गळ्यात असताना.

संध्याकाळी आजींनी छापलेला फोटो खिडकीशी नेऊन डोळ्यांजवळ धरला.

“दात पडला तो दिसून राह्यला,” त्या म्हणाल्या. “पन हे मीच व्हय.”

फोटो त्यांनी उशाखाली ठेवला, भिंतीवर लावायची वेळ अजून आली नाही म्हणाल्या.

पुण्यात आले. प्रदर्शनाचा अर्ज भरायचा होता. माझ्या कार्डावर मांजर-तगरीसकट नऊशे फोटो होते आणि त्यांतला एकच लावण्यासारखा होता. गंमत अशी, की कॅमेरा घेतल्या घेतल्या मी त्यात माझं नाव भरलं होतं, त्यामुळे निघणाऱ्या प्रत्येक फोटोवर तो आपोआप माझं नाव नोंदवतो. आजींच्या फोटोवरही ते होतंच. कोणी विचारणार नव्हतं. खरं सांगते, दोन दिवस मी तो अर्ज उघडत आणि मिटत होते. कॅमेरा माझा, कार्ड माझं, प्रवास माझा. स्वतःला समजवायला एवढं पुरतं, हे पाहून मीच घाबरले.

शेवटी छायाचित्रकाराच्या रकान्यात सुधाकरभाऊंचं नाव टाकलं, शीर्षक लिहिलं ‘वार्धक्य’, आणि परवानगीसाठी त्यांना फोन लावला. ते आधी संकोचले, मग खूश झाले. निवडला गेला तर लग्नवाल्यांना दाखवायला प्रदर्शनाचा एक फोटो पाठवा म्हणाले. शीर्षक वाचून दाखवलं, तर नुसतं “हं” म्हणाले.

“आवडलं नाही का?”

“तसं नाही ताई. आमच्याकडं पाकिटावर नाव लिहाव लागते, नाही तं फोटो कोनाचा ते समजत नाही. मायचं नाव टाका ना.”

मी पेन उचललं आणि थांबले. चार दिवस त्यांच्या घरी राहिले, जेवले, चारशे वेळा त्यांच्यावर कॅमेरा रोखला. आजी, आजी करत राहिले. नाव विचारलंच नव्हतं.

“गिरजाबाई,” सुधाकरभाऊ म्हणाले. “लिहा. गि ऱ्हस्व.”