वरातीची गाडी आणि तासलेलं फ्लायव्हील

माझ्या दिराचा विषय निघाला की आजही माझं डोकं तापतं, आणि खरं सांगू, मला ते तापवून घ्यायला आवडतं.

माझी जुनी गाडी क्लच बदलायला ते मोठ्या हौसेने ठाण्याच्या गॅरेजात घेऊन गेले. परत आणली तेव्हा इंजिनामागचं फ्लायव्हील, म्हणजे ते जड लोखंडी चाक, लेथवर तासून हलकं करून आणलेलं. मला न विचारता!

"वहिनी, आता नुसता पाय टेकवा. इंजिन कसं झटकन उठतं बघा."

उठायचं हो! पाय लावला की किंचाळत उठायचं आणि काढला की तितक्याच झटकन मान टाकायचं. जुनं जड चाक एकदा फिरायला लागलं की आपल्याच वजनाने फिरत राहायचं. क्लच सोडताना इंजिन दबलं तरी तेच सावरून घ्यायचं. आता सावरायला कोणी उरलं नव्हतं. मानपाड्याच्या गर्दीत जरा हळू झाले की गाडी बंद. इतकी वर्षं गाडी चालवणारी मी, आणि मागून रिक्षावाले ओरडतात, "काकी, शिकून या!"

दीर तर घरभर सांगत सुटले, "वहिनींना क्लच सोडता येत नाही."

एवढ्यात भाच्याचं लग्न आलं. वरातीची गाडी मामीच चालवणार, हे त्याने साखरपुड्यातच जाहीर केलेलं. पण हॉलच्या दारात दीर हात पुढे करून उभे.

"वहिनी, सगळ्यांसमोर फजिती नको. किल्ली द्या."

संतापाने माझे कान गरम झाले. तरी दिली. हसत दिली. कारण वरात म्हणजे बँडमागे मुंगीच्या चालीने सरकायचं, आणि नेमकं तेच त्या इंजिनाला जमत नव्हतं.

पहिल्याच ठेक्याला गाडीने असा गचका दिला की नवरीच्या मुंडावळ्या नाकावर आल्या. बंद. दुसऱ्यांदा घाबरून जास्त रेस दिली, तर गाडी बँडवर धावली. ट्रंपेटवाला उडी मारून फुटपाथवर. ब्रेक. पुन्हा बंद.

बाजूने चालणारी मी खिडकीत वाकले. "भावजी, क्लच सोडता येत नाही का?"

"चेष्टा नको वहिनी. इंजिन गरम झालंय."

"इंजिन नाही हो, माझं डोकं गरम झालंय!"

मागच्या सीटवरून भाचा म्हणाला, "मामा, उतर रे. मामी, तूच चालव."

दीर उतरले. मी ऐटीत बसले, पण इंजिन सुरूच केलं नाही. गाडी न्यूट्रलला टाकली, स्टिअरिंग धरलं आणि काच खाली केली.

"ढकला, भावजी."

गाडी पालखीसारखी निघाली. मागे रेशमी कुर्ता घामाने भिजलेला. वळणावर धापा टाकत ते म्हणाले, "वहिनी, नवीन फ्लायव्हील बसवून देतो."

"जड आणा. आणि यावेळी मला विचारून आणा."

"हो हो, विचारून."

एवढ्यावर माझा राग जायला हवा होता. नाही गेला. मी ब्रेकवर हलकेच पाय ठेवला.