कावेरीकाठचा निरोप

तिचं नाव मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते कंपनीच्या माणसानंही ऐकलं असतं.

तंजावूरजवळच्या त्या गावात एक बडी कंपनी कावेरीची वाळू उपसते. ती गावाशी नीट वागते का, हे तिच्यात पैसे गुंतवणाऱ्यांसाठी तपासायला मी गेले होते. कंपनीचा परप्रांतीय अधिकारी गावातल्या एका बाईच्या ओसरीवर माझ्या शेजारीच ठाण मांडून बसला होता. मी तमिळमध्ये काहीही विचारलं, की ती बाई "सगळं बरं आहे" म्हणायची आणि पदराचं टोक बोटाला आवळायची. बोट पांढरं पडलं होतं. मी अंगणातली आटलेली विहीर दाखवली, तरी उत्तर तेच.

शेवटी आम्ही उठलो. अधिकारी नव्यानं शिकलेल्या तमिळमध्ये हौसेनं म्हणाला, "अम्मा, जाऊन येतो."

इकडे घर तमिळ असो की आमच्यासारखं पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेलं मराठी, निघणाऱ्याला "जाऊन या" म्हणतात. नुसतं "जा" कुणी वैऱ्यालाही म्हणत नाही.

तिनं पदर सोडला, त्याच्याकडे सरळ पाहिलं आणि म्हणाली, "जा."

मी चप्पल घालता घालता थांबले. तो मात्र हसत, हात जोडत गाडीत बसला.

"बघितलंत ना मॅडम," तो म्हणाला, "एकही तक्रार नाही."