पाणी न पिणारे मिस्तरी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वाकडं येतं, ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. ही वही कोणाच्या हाती लागली तर त्यांनी माफ करावं आणि समजून वाचावं.

तुमच्याही घरी असा एखादा मिस्तरी येऊन गेला असेल. आमचे मिस्तरी घरात शिरले की आधी भिंतीवर बोटांची पेरं वाजवायचे आणि कान लावायचे. मग म्हणायचे, "व्हई जाई, बहीन." ओल थांबेल का? व्हई जाई. दिवाळीच्या आत होईल का? व्हई जाई.

आम्ही इथे गुजरातेत, पर्वत पाटियाच्या पुढे राहतो. हे साड्यांच्या मार्केटात पार्सलं बांधतात, मी घरी साड्यांना टिकल्या चिकटवते. घराची न्हाणी मागे, तीन पायऱ्या उतरून. सासूबाईंचा पाय मोडला तेव्हा न्हाणी घरात घ्यायची ठरली.

तिघांना बोलावलं. दोघे गुजराती ठेकेदार, कागद करून देतो म्हणाले. तिसरे हे मिस्तरी, आमच्या खान्देशातले. सासूबाईंशी अहिराणीत बोलले, त्यांच्या तांब्यातलं पाणी प्यायले. कागदाचं नाव त्यांनी काढलं नाही, आम्हीही काढलं नाही. गावाकडच्या माणसाला कागद मागणं म्हणजे तोंडावर चोर म्हणणं, असं आमच्यात समजतात. "आपला माणूस शे," सासूबाई म्हणाल्या. आम्ही चाळीस हजार विसार दिला.

जुन्या विटा कामाला येतील म्हणून त्यांनी आधी न्हाणी पाडली. चार दिवस आले. पाचव्या दिवसापासून आले नाहीत.

सासूबाई स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, साडीच्या पडद्याआड अंघोळ करू लागल्या. पडदा हलला की अंग चोरायच्या. पुढे दोन दिवसांआड, मग आठवड्यातून एकदा. एकदा मी टिकल्या लावत होते तर हळूच म्हणाल्या, "मना आंगले वास येस का व, पोरी?" मी नाही म्हटलं. येत होता.

फोन केला की, "सोमवारी व्हई जाई." शेवटी हे मला म्हणाले, "तू जा. बाईमाणसासमोर तो खोटं बोलणार नाही." मी दुकानातसुद्धा बोट दाखवून वस्तू मागते. वाटभर एकच वाक्य घोकत गेले, काम करा नाहीतर पैसे द्या.

त्यांच्या दारात पोचले तर समोरच त्यांची न्हाणी. तिला दार नव्हतं. जुनी साडी टांगलेली. मी तिच्याकडेच बघत राहिले.

त्यांनी काही लपवलं नाही. "एकना पैसा दुसराना भीतमा गयात, बहीन." आधीच्या गिऱ्हाइकाचं अर्धं काम आमच्या पैशांनी पुरं केलं होतं. त्याचे पैसे त्याच्याही आधीच्या घरात गेले होते. आता दुकानदार उधार सिमेंट देत नव्हता.

माझं वाक्य मी विसरले. एवढंच बोलले, "सासूबाई इचारतस, मना आंगले वास येस का."

त्यांनी सवयीनं शेजारच्या भिंतीवर पेरं वाजवली. पण व्हई जाई म्हणाले नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात ते हजीऱ्याला, कारखान्यांच्या बांधकामावर, दुसऱ्याच्या हाताखाली रोजानं लागले. महिन्याच्या पहिल्या रविवारी यायचे, दोन-तीन हजार उंबऱ्यावर ठेवायचे. मी पाणी पुढे केलं की मागे सरायचे. "पैसा फिटतीन तवय पिसू."

"अहो, पाणी फुकट आहे," हे टोमणा मारायचे. "त्याचा हप्ता नाही लावत आम्ही." मिस्तरी खाली बघून हसायचे.

आम्ही उसनवारी करून दुसऱ्याकडून न्हाणी बांधून घेतली, कागद करून. पहिल्या दिवशी सासूबाई आत इतका वेळ बसल्या की मी घाबरून कडी वाजवली. "थांब व," आतून आवाज आला, "आज माले घाई नही."

त्या रविवारी मिस्तरी आले. नव्या टाइलवर पेरं वाजवून म्हणाले, "चांगलं शे. पण नळ उंच व्हई गया. म्हातारीना हात पुरावत नही." दुसऱ्या दिवशी पाना घेऊन आले आणि नळ वीतभर खाली घेऊन दिला. मजुरी घेतली नाही, आणि पाणीही नाही.

सासूबाई त्या न्हाणीत पाच महिने न्हाल्या. मग गेल्या. मिस्तरी दारावर येऊन बसले. पैशाचा विषय त्या दिवशी कोणी काढला नाही.

चार हजार राहिले होते तेव्हा एका रविवारी ते आले नाहीत. पुढच्या महिन्यातही नाही. मग कळलं, हजीऱ्याला कामावरच छातीत दुखलं आणि गेले. हे म्हणाले, "राहू दे आता ते पैसे." मलाही तेच वाटत होतं. मी ज्या कॅलेंडरवर हप्त्यांच्या खुणा करायची, ते काढून ठेवलं.

दोन-तीन महिन्यांनी त्यांची बायको दारात उभी राहिली. पदराची गाठ सोडून नोटा माझ्या हातात दिल्या.

"नको, वहिनी," मी म्हटलं. "आम्ही सोडले ते."

"त्यासनी नही सोडेल," त्या म्हणाल्या. "मोजा."

मी मोजले. चार हजार होते. सगळे फिटले. मग मी आत जाऊन सासूबाईंचा तांब्या भरून आणला आणि त्या उंबऱ्यावर बसून तो सगळा प्यायल्या.